बेस गिटार परदेशातून मागवताना: कस्टम्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेस घ्यायचा ठरला की पहिले काही दिवस पिकअप कोणते, तारा चार की पाच, यातच जातात. कस्टम्सची आठवण होते ती पार्सल अडकल्यावर. मला येणारे बरेचसे प्रश्न त्याच वेळी, घाईत आणि काळजीत लिहिलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. दर देशागणिक बदलतात, पण हिशेबाची रीत, लागणारे कागद आणि लोकांच्या हातून होणाऱ्या चुका सगळीकडे जवळपास सारख्याच आहेत. एक गोष्ट अनेक उत्तरांत पुन्हा येईल, ती आधीच सांगतो: खरेदीची आणि कस्टम्सची, दोन्ही पावत्या बेसइतक्याच जपा.

१. बेसच्या किमतीशिवाय मला नेमके काय काय भरावे लागेल?

साधारण चार गोष्टी. पहिली वाहतूक आणि विमा. दुसरी आयात शुल्क, म्हणजेच कस्टम्स ड्यूटी. तिसरी त्या देशाचा विक्रीकर, मग त्याचे नाव व्हॅट असो, जीएसटी असो की आणखी काही. चौथी कुरिअर कंपनीची फी: तुमच्या वतीने कागद भरण्याची आणि तुमचे शुल्क आधी स्वतः भरण्याची.

लोक फसतात ते तिसऱ्या गोष्टीत. बऱ्याच देशांत हा कर बेसच्या किमतीवर लागत नाही, तर किंमत, वाहतूक, विमा आणि ड्यूटी या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे करावर कर. समजा बेस १००० चा आहे, वाहतूक १२०, विमा १०. बेरीज ११३०. ड्यूटी १० टक्के धरली तर ११३, एकूण १२४३. त्यावर २० टक्के कर म्हणजे २४८.६०. आता झाले १४९१.६०. कुरिअरची फी २५ धरा, की १५१६.६० वर हिशेब थांबतो. हे दर फक्त रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, पण दोन टक्केवाऱ्यांची नुसती बेरीज करून '३० टक्के जास्त' असा अंदाज का चुकतो ते यातून दिसते.

२. ड्यूटी फक्त बेसच्या किमतीवर लागते की वाहतूक खर्चावरही?

ते देशावर अवलंबून आहे. युरोपीय संघ, ब्रिटन, जपान, भारत इथे माल पोहोचेपर्यंतची वाहतूक आणि विमा धरून मूल्य काढतात. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ड्यूटीसाठी आंतरराष्ट्रीय वाहतूक मूल्यात धरत नाहीत. पहिल्या गटातल्या देशात राहत असाल तर महागडे कुरिअर निवडताना त्या जादा पैशांवरही ड्यूटी लागणार, हे लक्षात ठेवा.

३. माझ्या देशातला बरोबर दर शोधायचा कसा? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

आकडे वेगळे येतात कारण प्रत्येक जण वेगळा कोड बघत असतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस ही वर्गीकरण पद्धत १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा अंक ही पद्धत वापरणाऱ्या सर्व देशांत सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. वाद्यांचे प्रकरण ९२ वे.

त्यातही गिटार दोन जागी आहे. ९२०२ मध्ये गिटार, व्हायोलिन, हार्प अशी तंतुवाद्ये येतात, म्हणून पोकळ शरीराचा अकूस्टिक बेस ९२०२.९० मध्ये. ज्यांचा आवाज विजेने निर्माण होतो किंवा वाढवावाच लागतो, अशी वाद्ये ९२०७ मध्ये. भरीव शरीराचा इलेक्ट्रिक बेस ॲम्प्लिफायरशिवाय मैफलीत ऐकूच येणार नाही, म्हणून तो ९२०७.९० मध्ये. अनेक देशांत या दोन्हींचे दर वेगळे आहेत. विक्रेत्याने इनव्हॉइसवर नुसते 'गिटार' लिहिले की कारकून बहुधा पहिला सापडेल तो कोड लावतो. म्हणून मागवतानाच विक्रेत्याला सांगा: 'भरीव शरीराची इलेक्ट्रिक बेस गिटार' असे पूर्ण वर्णन आणि सहा अंकी कोड दोन्ही लिही.

बाकीच्या वस्तूंचे थोडक्यात: तारांचे संच ९२०९.३०, इलेक्ट्रिक बेसचे सुटे भाग ९२०९.९४, ॲम्प्लिफायर ८५१८ खाली. हार्ड केस बेससोबतच आली तर ती बेसच्याच कोडात जाते. वेगळी मागवली तर ४२०२ मध्ये, म्हणजे बॅगा आणि पेट्यांच्या रांगेत, आणि तिथला दर वेगळा असू शकतो. केस हवी असेल तर बेसबरोबरच मागवा.

हे सहा अंक घेऊन आपल्या देशाच्या सीमाशुल्क खात्याच्या दरपत्रकात शोधा. शंका राहिली तर बहुतेक देशांत माल मागवण्याआधीच खात्याकडून लेखी निर्णय घेता येतो. एका बेससाठी कोणी इतके करत नाही, पण पाच-सहा वाद्ये मागवणाऱ्या शाळेने किंवा वाद्यवृंदाने जरूर करावे.

४. ठरावीक रकमेखाली ड्यूटी लागत नाही म्हणतात. बेस त्यात बसतो का?

सहसा नाही. आणि या सवलती कमी होत चालल्या आहेत. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून कितीही लहान किमतीच्या आयातीवर व्हॅट सुरू केला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची पार्सले ड्यूटीशिवाय येत, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांतून येणाऱ्या मालासाठी थांबवली गेली. दोन-तीन वर्षांपूर्वीचा कोणाचा अनुभव आज लागू होईलच असे नाही, म्हणून नियमाची तारीख बघूनच हिशेब करा.

५. विक्रेता म्हणतो 'ड्यूटी भरून पाठवतो'. मग मला काहीच द्यावे लागणार नाही?

त्याने खरोखर डीडीपी अटीवर पाठवला असेल तर नाही. या अटीत आयातीचा सगळा भार विक्रेत्यावर असतो. डीएपी असेल तर दारापर्यंत पोहोचवणे त्याचे आणि ड्यूटी तुमची. विक्रेते बोलताना दोन्हीला 'घरपोच' म्हणतात, म्हणून ऑर्डरच्या कागदावर कोणती तीन अक्षरे आहेत ते वाचा.

डीडीपीमध्येही शुल्क भरल्याची पावती मागून घ्या. पैसे विक्रेत्याने भरले तरी पुढे परतावा, दुरुस्ती किंवा प्रवासाच्या वेळी तो कागद तुम्हालाच लागणार आहे (प्रश्न १५ ते १८ पाहा).

६. विक्रेता 'गिफ्ट' लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला तयार आहे. काय हरकत आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझे उत्तर ठाम आहे: नको.

खरेदी केलेली वस्तू भेट होत नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो. किंमत कमी दाखवणे बहुतेक सगळ्या देशांत गुन्हा आहे, आणि आयातदार म्हणून नाव तुमचे असते, विक्रेत्याचे नाही.

माझा पहिला परदेशी बेस एका वैयक्तिक विक्रेत्याकडून आला. मला न विचारता त्याने फॉर्मवर 'भेटवस्तू' वर टिक केली आणि किंमत खऱ्या किमतीच्या चौथा हिस्सा लिहिली. त्याला वाटले, माझ्यावर उपकारच करतोय. पार्सल थांबले. मला पत्र आले, पैसे दिल्याचा पुरावा दाखवा. बँकेच्या नोंदीत खरी रक्कम होती. मग फेरमूल्यांकन झाले, दंड लागला, वर गोदामभाडे. अकराव्या दिवशी खोके घरी आले. उघडून बघतो तर हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या भागाच्या) टोकाची, 'जी' (G) तारेची ट्यूनिंग खुंटी वाकून लाकडाला टेकली होती आणि तिच्या मुळाशी नखभर तडा गेला होता. विम्याचा दावा केला, तर कंपनी फॉर्मवर लिहिलेल्या किमतीपुरतीच बांधील होती. म्हणजे वाचवायला निघालो ड्यूटी आणि गमावला विमा. त्या वेळी मी तरुण होतो, हातात फारसे पैसे नव्हते, आणि ती तडा गेलेली जागा आजही बोटाला लागते.

खरी किंमत, खरे वर्णन, आणि विक्रेत्याला हे आधीच लेखी कळवणे: 'कृपया पूर्ण रक्कम लिहा, भेटवस्तू लिहू नका.' एवढे केले की पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

७. मी वापरलेला बेस घेतलाय. जुन्या वस्तूवरही ड्यूटी?

हो. ड्यूटीला नवे-जुने याने फरक पडत नाही, फरक पडतो मूल्यात. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारानुसार पहिला आधार म्हणजे प्रत्यक्षात दिलेली किंमत. तेव्हा त्या मॉडेलच्या नव्या बेसची किंमत धरली गेली असेल, तर तुम्ही हरकत घेऊ शकता आणि घ्यावी.

त्यासाठी पुरावा मात्र तुम्ही द्यायचा. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात इनव्हॉइस नसते, म्हणून विक्रेत्याकडून साधे विक्रीपत्र घ्या: दोघांची नावे, तारीख, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, 'वापरलेला' हा शब्द आणि सही. सोबत पैसे दिल्याची नोंद आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट. बेसवर ओरखडे, गंज, बदललेले भाग असतील तर त्यांचे फोटोही जोडा. किंमत कमी का, हे फोटो शब्दांपेक्षा लवकर पटवतात.

८. १९६२ चा विंटेज बेस आहे. प्राचीन वस्तू म्हणून सूट मिळेल ना?

नाही मिळणार. एचएसमध्ये प्राचीन वस्तूंचा क्रमांक ९७०६ आहे आणि त्याची अट १०० वर्षांहून अधिक वय ही आहे. आडवा धरून वाजवायचा, पडदे असलेला इलेक्ट्रिक बेस पॉल टटमार्क यांनी सिएटलमध्ये बनवला तोच मुळी १९३० च्या दशकात. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ चा, जॅझ बेस १९६० चा. म्हणजे आज जगातला एकही इलेक्ट्रिक बेस या अटीत बसत नाही. बाजारात 'विंटेज' म्हणून मिळणारा मान कस्टम्सच्या टेबलावर चालत नाही.

उभा डबल बेस मात्र बसू शकतो. १८८० चा डबल बेस असेल आणि वयाचा तज्ज्ञाचा दाखला असेल, तर ९७०६ खाली मागणी करता येते. त्याच्या बोसाठीचे लाकूड आणि हस्तिदंत हा वेगळा विषय आहे, तिथे परवान्याची चौकशी आधी करा.

९. बेस जपानमध्ये बनलेला आहे, पण ब्रिटनमधल्या दुकानातून घेतोय. कोणत्या देशाचा दर लागेल?

जपानचा. ड्यूटीसाठी 'मूळ देश' म्हणजे वस्तू जिथे बनली तो देश, जिथून पार्सल निघाले तो नव्हे. तुमच्या देशाचा ब्रिटनशी मुक्त व्यापार करार असला तरी त्याचा फायदा या बेसला मिळत नाही.

उलट बाजूने, करार जपानशी असेल तरी ब्रिटनमार्गे आलेल्या मालाला सवलत मिळेलच असे नाही. बऱ्याच करारांत माल थेट यावा लागतो आणि मूळ देशाचा दाखला लागतो. एकाच ब्रँडचे बेस तीन-चार देशांत बनतात, तेव्हा ब्रँडच्या नावावरून देश गृहीत धरू नका. हेडस्टॉकच्या मागे किंवा नेकच्या टाचेवर, म्हणजे दांडा बॉडीला मिळतो तिथे, छापलेले वाचा आणि इनव्हॉइसवर तेच आले आहे ना ते तपासा.

१०. फिंगरबोर्ड (तारांखालची लाकडी पट्टी) रोझवुडचा आहे. परवाना लागतो असे ऐकले. खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि हा गोंधळ का झाला तेही समजून घेण्यासारखे आहे.

रोझवुड म्हणजे डालबर्जिया कुळातली झाडे. बेसुमार तोडीमुळे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात २ जानेवारी २०१७ पासून या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती परिशिष्ट २ मध्ये आल्या. त्यामुळे साधा रोझवुड फिंगरबोर्ड असलेला बेस विकून परदेशी पाठवायचा तरी कागद लागू लागले. वादक हैराण झाले, कारखान्यांनी पाव फेरोसारखी दुसरी लाकडे वापरायला घेतली. पुढे २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, वाद्यांचे तयार भाग आणि साहित्य यांना सूट मिळाली. म्हणून आज नेहमीच्या रोझवुडच्या तयार बेसला साइट्सचा परवाना लागत नाही. रोझवुडची कच्ची फळी मागवाल तर ही सूट नाही.

अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा, म्हणजे डालबर्जिया नायग्रा. ही जात १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे, तिला २०१९ ची सूट लागू नाही. प्रश्न ८ मधल्यासारखा १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातला अमेरिकी बेस घेणाऱ्याने इथे थांबून वाचावे, कारण त्या काळच्या फिंगरबोर्डवर हे लाकूड सर्रास आढळते. अशा बेससाठी लाकूड १९९२ पूर्वीचे असल्याचा दाखला दोन्ही देशांच्या साइट्स कार्यालयांकडून मार्गी लावूनच पैसे द्या. कागदाशिवाय आला तर बेस जप्त होऊ शकतो, आणि इथे दंड भरून वस्तू सोडवता येईलच असे नाही.

स्वतःचा असा बेस घेऊन वारंवार सीमा ओलांडणाऱ्या वादकांसाठी साइट्सचे वाद्य प्रमाणपत्र असते, ते तीन वर्षांपर्यंत चालते. मला ही सगळी अट जाचक वाटत नाही. आपल्या हातातला तो काळपट, तेलकट तुकडा ज्या झाडाचा आहे, ते झाड उभे राहायला माणसाचे सबंध आयुष्य पुरत नाही.

११. माझ्या बेसच्या पिकगार्डचे नाव 'टॉर्टॉइजशेल' आहे. यावरून अडवतील का?

अडवल्याची उदाहरणे मला कळवली गेली आहेत. पिकगार्ड प्लास्टिकचाच असतो, फक्त नक्षी कासवाच्या कवचासारखी. पण खऱ्या हॉक्सबिल कासवाचे कवच साइट्सच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, त्यामुळे हा शब्द दिसला की अधिकारी पार्सल बाजूला काढतो आणि ते त्याचे कामच आहे. इनव्हॉइसवर 'प्लास्टिक पिकगार्ड, तपकिरी नक्षी' असे लिहून घ्या. फिंगरबोर्डवरच्या शिंपल्यासारख्या ठिपक्यांचेही तसेच: प्लास्टिकचे असतील तर 'प्लास्टिक' हा शब्द असू द्या.

१२. वाहतुकीचाच खर्च डोळे फिरवणारा आहे. कमी कसा करू?

बेस जड असतोच, पण कुरिअर पैसे घेते ते बहुधा आकारावर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे. येणारे किलो आणि खरे वजन, यांतला मोठा आकडा लागतो. ३४ इंच स्केलचा बेस हार्ड केसमध्ये घालून १३० × ४५ × १८ च्या खोक्यात भरला तर हिशेब २१ किलोचा होतो, प्रत्यक्षात वजन नऊ-दहा किलो असले तरी.

नेक स्क्रूने बसवलेला असेल तर तो काढून पाठवायला सांगा. तारा पूर्ण सैल करायच्या, चार स्क्रू काढायचे, नेक फोममध्ये गुंडाळून बॉडीशेजारी ठेवायचा. खोके ९० × ४० × १४ च्या आसपास येते, म्हणजे १० किलो. वाहतूक निम्म्यावर येते, आणि पहिल्या गटातल्या देशात (प्रश्न २) ड्यूटीही थोडी कमी होते. शिवाय लांब खोके आपटल्यावर हेडस्टॉक मोडण्याची भीती राहत नाही.

दोन सूचना. नेकखाली पातळ पट्टी असेल तर ती कोणत्या बाजूला होती त्याचा फोटो काढायला सांगा. आणि प्रीअँपमधली (बेसच्या आतल्या, आवाज वाढवणाऱ्या सर्किटमधली) नऊ व्होल्टची बॅटरी काढून ठेवायला सांगा, लिथियमची असेल तर हवाई वाहतुकीचे वेगळे नियम लागतात. चिकटवलेल्या नेकच्या किंवा नेक-थ्रू (नेक बॉडीच्या आरपार गेलेल्या) बेसला हा उपाय नाही.

१३. नेक काढलेला बेस 'सुटे भाग' म्हणून कमी दरात येईल का? आणि बॉडी, नेक वेगळ्या पार्सलने मागवले तर?

एकाच पार्सलमध्ये पूर्ण बेस सुट्या अवस्थेत आला, तर तो बेसच धरला जातो. एचएसच्या सर्वसाधारण नियमांतला दुसरा नियम हेच सांगतो. त्यामुळे प्रश्न १२ मधल्या युक्तीने वाहतूक वाचते, कोड बदलत नाही. विक्रेत्याने 'भाग' लिहिले असेल तर ते चुकीचे वर्णन आहे.

बॉडी एका कारागिराकडून आणि नेक दुसऱ्याकडून घेऊन तुम्ही स्वतः बेस जुळवत असाल, तर ते खरोखरचे भाग आहेत आणि ९२०९.९४ खाली येतात. एकच बेस मुद्दाम दोन खोक्यांत विभागणे मात्र प्रश्न ६ च्याच रांगेत बसते.

१४. 'पार्सल कस्टम्समध्ये थांबले आहे' असे दिसतेय. आणि शुल्क भरायची लिंकही आलीय. काय करू?

आधी लिंकला हात लावू नका. अशा खोट्या लिंक सतत फिरत असतात आणि खरोखर पार्सलची वाट बघणारा माणूसच त्यांना बळी पडतो. कुरिअर किंवा टपाल खात्याच्या साइटवर स्वतः जाऊन आपला ट्रॅकिंग नंबर टाका. मागणी खरी असेल तर तिथे दिसेलच.

मग कागद पाठवा, त्याच दिवशी. सहसा मागतात ते इनव्हॉइस, पैसे दिल्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा आयातदाराचा क्रमांक आणि वस्तूचे वर्णन. टपालाने आलेल्या खोक्यावर सीएन २३ हा फॉर्म असतो, त्यावरची किंमत आणि तुमच्या पावतीवरची किंमत जुळायला हवी. फुकट साठवणुकीचे दिवस मोजकेच असतात, पुढे रोजचे गोदामभाडे लागते आणि शेवटी पार्सल परत जाते. मूल्यांकन पटले नाही तरी बहुतेक ठिकाणी शुल्क भरून बेस सोडवून घ्यावा आणि मग मुदतीत हरकत नोंदवावी. 'हरकत राखून भरत आहे' असे लेखी कळवायला विसरू नका.

१५. बेस आला! लगेच उघडू का? आणि मोडलेला निघाला, किंवा आवडलाच नाही तर भरलेली ड्यूटी परत मिळते का?

खोके खोलीत एक दिवस तसेच राहू द्या. विमानातल्या थंडीतून आलेले लाकूड एकदम उबेत उघडले की फिनिशला बारीक तडे जाऊ शकतात. उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी सहाही बाजू, कस्टम्सची फोडून पुन्हा लावलेली चिकटपट्टी, मग आतली बाजू.

मग बेस सुरात लावा. चार तारांचा ताण मिळून साधारण ७५ किलोच्या घरात असतो, त्यामुळे सैल तारांवर नेक बघून काही कळत नाही. ई तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी बघा. तार आणि पडदा यांत जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट, पाव मिलिमीटरच्या आसपास, असेल तर नेक बरा आहे. जास्त असेल तर घाबरू नका, ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, बाक जुळवायच्या सळईला) लगेच हातही लावू नका. दोन-तीन दिवस सुरात ठेवा. पुष्कळदा नेक आपोआप जागेवर येतो. नाही आला तर ट्रस रॉडला पाव फेरा, मग पुन्हा एक दिवस थांबा.

खरे नुकसान असेल तर लेखी कळवा. हवाई मालासाठी मॉन्ट्रिअल करारात नुकसानीची तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करायची असते, कुरिअरची मुदत याहून कमी असू शकते. म्हणून 'एक दिवस तसाच ठेवा' याचा अर्थ आठवडा नव्हे.

परत पाठवायचा असेल तर ड्यूटीचा परतावा बऱ्याच देशांत मिळतो, पण तो विक्रेता देत नाही. तुम्ही सीमाशुल्क खात्याकडे मागायचा. युरोपीय संघात सदोष मालासाठी अर्ज करायला एक वर्ष मिळते. आयातीची पावती, परत पाठवल्याचा निर्यात कागद आणि विक्रेत्याने पैसे परत केल्याची नोंद, हे तिन्ही लागतात. साध्या टपालाने, निर्यात कागद न करता परत पाठवला की परताव्याचा दावा तिथेच कमकुवत होतो. कुरिअरची फी मात्र परत येत नाही.

१६. वॉरंटीत दुरुस्तीला परदेशी पाठवलाय. परत येताना पुन्हा पूर्ण ड्यूटी भरू?

आधी कागद केला असेल तर नाही. पाठवतानाच 'दुरुस्तीसाठी तात्पुरती निर्यात' अशी नोंद, सीरियल नंबरसह. मग परत येताना दुरुस्तीच्या खर्चावरच शुल्क लागते, आणि वॉरंटीतली दुरुस्ती फुकट असेल तर अनेक देशांत तेही नाही. नोंद न करता पाठवला तर परत येणारा बेस नव्या आयातीसारखा दिसतो आणि तो तुमचाच जुना आहे हे सिद्ध करत बसावे लागते.

दुरुस्तीऐवजी नवा बेस पाठवला, तर फुकट आहे म्हणून मूल्य शून्य होत नाही. विक्रेत्याने इनव्हॉइसवर खरे मूल्य आणि 'वॉरंटीतील बदली' दोन्ही लिहावे, आणि तुम्ही पहिल्या बेसच्या परताव्याची मागणी प्रश्न १५ प्रमाणे करावी.

१७. प्रवासात स्वतःचाच बेस घेऊन जातोय. परत येताना ड्यूटी मागतील का?

मागू शकतात, विशेषतः बेस नवा दिसत असेल तर. बेस आधीपासून तुमचा आहे हे दाखवणारा कागद सोबत ठेवा: मूळ पावती आणि भरलेल्या ड्यूटीची पावती. अनेक देशांत निघण्याआधी कस्टम्सला वस्तू दाखवून दाखला घेता येतो. अमेरिकेत त्यासाठी ४४५७ क्रमांकाचा फॉर्म आहे. दाखल्यावर सीरियल नंबर हवाच.

परदेशात विकत घेतलेला बेस खांद्यावर टाकून आणताना, प्रवाशाच्या सवलतीपेक्षा किंमत जास्त असेल तर लाल मार्गाने जा आणि सांगा. न सांगता पकडले गेल्यावर ड्यूटीसोबत दंडही येतो.

बँडसह, ॲम्प आणि चार वाद्ये घेऊन दौऱ्यावर जाणार असाल तर एटीए कार्नेची चौकशी करा. १९६१ च्या करारातून आलेला हा कागद एक वर्षापर्यंत चालतो आणि सभासद देशांत ड्यूटी न भरता साहित्य तात्पुरते नेता येते. यादीतली प्रत्येक वस्तू परत यायला हवी. एखादा बेस तिकडेच विकला तर त्याची ड्यूटी तुमच्या अनामतीतून जाते. तारांसारख्या खपणाऱ्या वस्तू यादीत घालू नका.

१८. कायमचा दुसऱ्या देशात राहायला जातोय. घरच्या सामानात बेस गेला तर?

बहुतेक देश राहती जागा बदलणाऱ्याला वापरातल्या वैयक्तिक सामानावर सूट देतात. बेस काही काळ आधीपासून तुमच्या वापरात असावा लागतो. युरोपीय संघात ही अट किमान सहा महिन्यांची आहे. म्हणजे निघायच्या आधल्या महिन्यात घेतलेला बेस यात बसत नाही. पोहोचल्यावर ठरावीक काळ विकताही येत नाही, विकला तर सूट जाते.

१९. मग कोणते कागद ठेवायचे आणि किती वर्षे?

बेस तुमच्याकडे असेपर्यंत. इनव्हॉइस किंवा विक्रीपत्र, पैसे दिल्याची नोंद, कस्टम्सची पावती, असेल तर साइट्सचा दाखला, आणि फोटो: पुढून, मागून, सीरियल नंबर जवळून. नंबर हेडस्टॉकच्या मागे, नेकच्या धातूच्या पट्टीवर किंवा ब्रिजवर असतो. नेकच्या टाचेवरची तारीख दिसत असेल तर तीही टिपून घ्या, कारण चोरीला गेलेला बेस पुष्कळदा नेक बदलून विकला जातो.

कस्टम्सची थर्मल कागदावरची पावती दोन वर्षांत पुसट होते, तिची प्रत काढून ठेवा. एक संच केसच्या आतल्या कप्प्यात आणि एक घरी. बेस विकाल तेव्हा घेणाऱ्याला प्रती द्या. त्याला तो कधी दुसऱ्या देशात न्यायचा झाला, तर तुम्ही आज भरलेली ड्यूटी त्याला पुन्हा सिद्ध करता आली पाहिजे.